डिस्क-प्रतिमांचे अवलोकन, संपादन आणि संपीडन : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील अनेक संगणक एकाच नमुन्यावर सिद्ध करण्यासाठी डिस्क-प्रतिमेचा वापर केला जातो. प्रतिमा तयार करणे आणि ती इतर संगणकांवर उतरविणे एवढ्यापुरताच हा विचार बहुधा मर्यादित राहतो. तयार प्रतिमा उघडून तपासता येते, तिच्यात दुरुस्ती करता येते आणि तिचे आकारमान कमी करता येते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात 'विंडोज इमेजिंग फॉरमॅट' ही प्रतिमा-रचना आणि 'डिस्म' हे साधन यांच्या आधारे या तीन क्रियांचे स्वरूप, त्यांचा परस्परसंबंध व त्यांतील धोके स्पष्ट केले आहेत. प्रतिमेतून पुसलेली माहिती प्रत्यक्षात नाहीशी झालेली असतेच असे नाही, हा मुद्दा विशेष विस्ताराने मांडला आहे.

बीजशब्द : डिस्क-प्रतिमा, संपीडन, संगणक प्रयोगशाळा, माहितीची गोपनीयता

१. प्रस्तावना

विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असताना प्रयोगशाळेतील तीस संगणकांपैकी सात-आठ संगणक सुरूच होत नाहीत, हा अनुभव अनेक महाविद्यालयांना नवा नाही. अशा वेळी प्रत्येक संगणकावर कार्यप्रणाली, ड्रायव्हर, कार्यालयीन प्रणाली, हिशेब शिकविण्याची प्रणाली आणि मराठी टंक हे सर्व क्रमाक्रमाने बसवीत राहिल्यास एकेका संगणकामागे निम्मा दिवस खर्ची पडतो. त्यावरील उपाय म्हणून एक संगणक काळजीपूर्वक सिद्ध करावयाचा, त्याच्या डिस्कवरील संपूर्ण मजकूर एका फाइलमध्ये साठवावयाचा आणि तीच फाइल इतर संगणकांवर उतरवावयाची, ही पद्धत रूढ झाली. या फाइलला डिस्क-प्रतिमा किंवा व्यवहारात नुसते 'इमेज' असे म्हणतात.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मूळ संगणक निर्दोष असला तरच त्याच्या प्रती निर्दोष होतात. मूळ संगणकावर एखादा विषाणू असेल, एखाद्या प्राध्यापकांची गुणपत्रके 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरमध्ये राहून गेली असतील किंवा एखादी मांडणी चुकलेली असेल, तर तो दोष एका संगणकापुरता राहत नाही. तीसही संगणकांवर तो इमानाने उतरतो. म्हणून प्रतिमा ही एकदा बंद करून कपाटात ठेवण्याची वस्तू नसून वेळोवेळी उघडून तपासण्याची व नीट करण्याची वस्तू आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

२. प्रतिमेचे दोन प्रकार

डिस्क-प्रतिमांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात डिस्कवरील सेक्टर जसेच्या तसे, त्यांच्या क्रमाने उतरवून घेतले जातात. येथे साधनाला फाइल म्हणजे काय याचे ज्ञान असण्याची गरज नसते. ही प्रत हुबेहूब असते. परंतु रिकामी जागा, पूर्वी पुसलेल्या फाइलींचे अवशेष आणि तात्पुरत्या फाइली हेही तिच्यात येतात. शिवाय मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती उतरविणे कठीण जाते.

दुसऱ्या प्रकारात फाइल हे एकक मानले जाते. डिस्कवर कोणत्या फाइली व फोल्डर आहेत, त्यांची नावे, दिनांक, गुणधर्म व परवानग्या काय आहेत याची नोंद करून त्यांतील मजकूर साठविला जातो. रिकाम्या जागेचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. अशी प्रतिमा वेगळ्या आकाराच्या डिस्कवर उतरविता येते आणि, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, तिच्यातील एखादी फाइल स्वतंत्रपणे पाहता, बदलता किंवा काढून टाकता येते. पहिला प्रकार छायाप्रतीसारखा, तर दुसरा अनुक्रमणिका असलेल्या ग्रंथासारखा आहे, असे म्हणता येईल.

३. साधनांची वाटचाल

व्यक्तिगत संगणकांच्या क्षेत्रात प्रतिमेचे तंत्र लोकप्रिय करण्याचे श्रेय 'घोस्ट' या प्रणालीकडे जाते. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी ती बायनरी रिसर्च या कंपनीसाठी १९९५ मध्ये विकसित केली आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली. पुढे तिच्यासोबत 'घोस्ट एक्सप्लोरर' हे साधन मिळू लागले. त्यामुळे संपूर्ण प्रतिमा संगणकावर न उतरविता तिच्यातील फाइली पाहणे व हवी ती फाइल बाहेर काढणे शक्य झाले.

नॉव्हेल कंपनीच्या 'झेनवर्क्स' या संचात 'इमेज एक्सप्लोरर' नावाचे असेच साधन होते. त्यात प्रतिमेतील फोल्डर झाडाच्या फांद्यांप्रमाणे डोळ्यांसमोर मांडले जात; फाइली जोडता वा वगळता येत; प्रतिमेचे संपीडन करता येई. संपीडनासाठी वेगाला प्राधान्य, जागेच्या बचतीला प्राधान्य आणि दोहोंचा समतोल असे पर्याय होते. पुसलेल्या फाइली प्रतिमेतून कायमच्या काढून टाकण्यासाठी त्यात वेगळी आज्ञा द्यावी लागे. ही बाब वरवर किरकोळ वाटते. तिचे मर्म पुढे सहाव्या विभागात स्पष्ट होईल. नॉव्हेल ही कंपनी २०११ मध्ये अटॅचमेटकडे, २०१४ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली. साधनांचे मालक बदलले, तरी पाहणे, बदलणे व आकसविणे या तीन क्रियांची मूळ कल्पना कायम राहिली.

मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या वेळी 'विंडोज इमेजिंग फॉरमॅट' ही फाइलकेंद्री रचना पुढे आणली. तिचे संक्षिप्त नाव 'विम' असे आहे. आरंभी 'इमेजएक्स' हे साधन तिच्यासाठी वापरले जाई. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये 'डिप्लॉयमेंट इमेज सर्व्हिसिंग अँड मॅनेजमेंट', म्हणजेच 'डिस्म', हे साधन आले आणि २०१२ मधील विंडोज ८ पासून प्रतिमा तयार करणे व उतरविणे ही इमेजएक्सची कामेही डिस्मकडे आली. डिस्म हे विंडोजमध्येच अंतर्भूत असल्यामुळे त्यासाठी महाविद्यालयाला वेगळा खर्च करावा लागत नाही. म्हणून पुढील विवेचन त्याच्या आधारे केले आहे.

४. विम फाइलची अंतर्रचना

विम फाइलच्या प्रारंभी २०८ बाइटांचे शीर्षक असते. फाइलमध्ये कोणता विभाग कोठे आहे याचे दिग्दर्शन ते करते. त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर, मजकुराची सूची, प्रत्येक प्रतिमेतील फोल्डर-रचनेची नोंद आणि प्रतिमांचे वर्णन करणारा एक्सएमएल विभाग असतो.

या रचनेची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक असे की, एकाच विम फाइलमध्ये अनेक प्रतिमा राहू शकतात व प्रत्येकीला अनुक्रमांक असतो. दुसरे असे की, समान मजकूर एकदाच साठविला जातो. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एसएचए-१ या पद्धतीने २० बाइटांची खूण काढली जाते. ज्या दोन फाइलींची खूण सारखी, त्यांचा मजकूर एकच मानून त्याची एकच प्रत ठेवली जाते. वाणिज्य विभागाची प्रयोगशाळा व संगणकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्या दोन प्रतिमा एकाच विम फाइलमध्ये ठेवल्या, तर दोहोंतील विंडोजच्या सामाईक फाइली एकदाच जागा घेतात. भर पडते ती केवळ वेगळ्या प्रणालींची.

ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे, तर फोल्डर-रचना ही तालिका आहे आणि मजकूर हा कपाटातील ग्रंथ. एका ग्रंथाच्या दोन नोंदी तालिकेत असू शकतात. त्याचप्रमाणे, तालिकेतील नोंद काढली तरी ग्रंथ कपाटात तसाच राहू शकतो. हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

५. अवलोकन आणि संपादन

५.१ अवलोकन

प्रतिमेला हात लावण्यापूर्वी ती पाहणे ही पहिली पायरी होय. डिस्मची 'गेट-इमेजइन्फो' ही आज्ञा विम फाइलमध्ये किती प्रतिमा आहेत, त्यांची नावे, वर्णन व आकारमान काय आहे हे सांगते. अनुक्रमांक दिल्यास कार्यप्रणालीची आवृत्ती, भाषा, निर्मितीचा व शेवटच्या बदलाचा दिनांक हाही तपशील मिळतो. 'लिस्ट-इमेज' ही आज्ञा प्रतिमेतील सर्व फाइलींची यादी देते. ही यादी मजकूर-फाइलमध्ये साठवून तिच्यात 'गुणपत्रक', 'प्रश्नपत्रिका', 'पासवर्ड' यांसारखे शब्द शोधावेत. पाच मिनिटांचे हे काम पुढील मोठी नामुष्की टाळू शकते.

आज्ञा टंकित करण्याची सवय नसलेल्यांसाठी '७-झिप' ही मुक्त प्रणाली उपयोगी आहे. ती विम फाइल साध्या झिप फाइलप्रमाणे उघडून दाखविते. केवळ पाहणे व एखादी फाइल बाहेर काढणे एवढाच हेतू असल्यास हा मार्ग पुरेसा होतो.

अधिक बारकाईने पाहावयाचे झाल्यास प्रतिमा एका रिकाम्या फोल्डरवर 'माउंट' करतात. असे केल्यावर प्रतिमेतील सर्व मजकूर त्या फोल्डरमध्ये असल्याप्रमाणे दिसू लागतो. केवळ पाहण्याचा हेतू असेल, तेव्हा 'रीड-ओन्ली' हा पर्याय द्यावा, म्हणजे चुकूनही बदल होणार नाही.

५.२ संपादन

माउंट केलेल्या प्रतिमेत केलेले बदल लगेच मूळ विम फाइलमध्ये जात नाहीत. ते आधी वेगळे साठविले जातात. काम संपल्यावर प्रतिमा 'अनमाउंट' करताना दोन पर्याय असतात : 'कमिट' म्हणजे बदल कायम करणे आणि 'डिस्कार्ड' म्हणजे ते टाकून देणे. यांपैकी एकाची निवड केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. 'कमिट'सोबत 'अपेंड' हा पर्याय दिल्यास जुनी प्रतिमा तशीच राहून बदललेली प्रतिमा नव्या अनुक्रमांकाने जोडली जाते. जुन्या स्थितीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवणारा हा पर्याय प्रयोगशाळेसाठी उपयुक्त आहे.

संपादनात मुख्यतः चार प्रकारची कामे येतात : फाइली जोडणे वा काढणे, ड्रायव्हर समाविष्ट करणे, सुरक्षाविषयक अद्यतने बसविणे आणि नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, बदल करणे. नवीन खरेदी केलेल्या संगणकांचे नेटवर्क कार्ड जुन्या प्रतिमेला ओळखू येत नसेल, तर संपूर्ण प्रतिमा नव्याने तयार करण्याची आवश्यकता नाही. त्या कार्डाचा ड्रायव्हर 'ॲड-ड्रायव्हर' या आज्ञेने जोडता येतो. मात्र तो 'आयएनएफ' फाइलच्या स्वरूपात असावा लागतो. उत्पादकाने दिलेली स्वयंचलित सेटअप फाइल येथे चालत नाही, कारण माउंट केलेली प्रतिमा हा चालू असलेला संगणक नव्हे.

हा फरक मराठी टंकाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, भाषा प्रयोगशाळेच्या प्रतिमेत एक युनिकोड देवनागरी टंक राहून गेला आहे. टंकाची फाइल 'विंडोज' फोल्डरातील 'फॉन्ट्स' या उपफोल्डरमध्ये उतरविली की काम झाले, असे वाटते. परंतु चालू संगणकावर टंक बसविताना फाइल उतरविण्याबरोबरच रजिस्ट्रीत तिची नोंदही केली जाते. माउंट केलेल्या प्रतिमेत ही नोंद आपोआप होत नाही. त्यासाठी 'सिस्टीम३२' मधील 'कॉन्फिग' या फोल्डरात असलेली 'सॉफ्टवेअर' नावाची रजिस्ट्री-फाइल 'रेग लोड' या आज्ञेने तात्पुरती जोडावी लागते, टंकांच्या यादीत नोंद करावी लागते आणि 'रेग अनलोड' या आज्ञेने ती पुन्हा सोडवावी लागते. फाइल ठेवणे आणि प्रणाली प्रस्थापित करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यावरून समजते. ज्या प्रणालींच्या प्रस्थापनेत असंख्य नोंदी होतात, त्या माउंट केलेल्या प्रतिमेत हाताने बसविण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी प्रतिमा एका संगणकावर उतरवून, प्रणाली रीतसर बसवून, प्रतिमा पुन्हा घेणे हाच योग्य मार्ग होय.

रजिस्ट्री-फाइल सोडविण्यास विसरल्यास किंवा माउंट केलेला फोल्डर दुसऱ्या खिडकीत उघडा राहिल्यास अनमाउंटची क्रिया अर्धवट राहते. अशा वेळी संगणक बंद-चालू करणे हा उपाय नव्हे. प्रथम उघड्या फाइली बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तुटलेली जोडणी 'रीमाउंट-इमेज' या आज्ञेने सावरता येते आणि न सावरता येणारे अवशेष 'क्लीनअप-माउंटपॉइंट्स' या आज्ञेने दूर करता येतात. तसेच ज्या प्रतिमेवर काम करावयाचे तिच्यापेक्षा जुन्या आवृत्तीचे डिस्म वापरू नये.

६. पुसलेले जाते कोठे?

आता या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. समजा, प्रतिमेच्या अवलोकनात एका परीक्षेची प्रश्नपत्रिका आढळली. प्रतिमा माउंट केली, फाइल पुसली, बदल कायम केले. पुन्हा यादी काढली असता ती फाइल दिसत नाही. काम पूर्ण झाले असे येथे कोणासही वाटेल.

चौथ्या विभागातील ग्रंथालयाचे उदाहरण येथे आठवावे. तालिकेतील नोंद गेली; ग्रंथ मात्र कपाटात असू शकतो. बदल कायम करताना डिस्म नवीन फोल्डर-रचना लिहिते व नवा मजकूर जोडते. परंतु निरुपयोगी झालेला जुना मजकूर विम फाइलमधून उपसून काढून संपूर्ण फाइल नव्याने रचीत नाही. तसे प्रत्येक वेळी केल्यास छोट्याशा बदलासाठीही अनेक गिगाबाइटांचा मजकूर पुन्हा लिहावा लागला असता. वेगासाठी केलेली ही तडजोड आहे. तिचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम दिसतो : फाइली काढूनही प्रतिमेचे आकारमान कमी होत नाही, वारंवार संपादन केल्यास ते वाढतच जाते. दुसरा परिणाम दिसत नाही : पुसलेल्या फाइलीचा मजकूर विम फाइलच्या पोटात राहून जातो आणि जाणकार व्यक्तीला तो शोधून काढणे अशक्य नसते.

यावरील उपाय म्हणजे 'एक्सपोर्ट-इमेज' ही आज्ञा. ती निवडलेल्या प्रतिमेला प्रत्यक्ष लागणारा मजकूर तेवढाच उचलून नव्या विम फाइलमध्ये लिहिते. निराधार मजकूर मागे राहतो. इमेज एक्सप्लोररमध्ये पुसलेल्या फाइलींसाठी जी वेगळी आज्ञा होती, तिच्यामागील तत्त्व हेच. परंतु एक्सपोर्ट केल्यानंतर जुनी विम फाइल सर्व्हरवर, बाह्य डिस्कवर व पेनड्राइव्हवर तशीच पडून राहिली, तर या सर्व खटाटोपाला अर्थ उरत नाही. तसेच 'अपेंड' पर्यायाने जपून ठेवलेल्या जुन्या अनुक्रमांकातही ती फाइल शाबूत असते. म्हणून गोपनीय मजकूर काढावयाचा असेल, तेव्हा 'अपेंड' वापरू नये. केवळ स्वच्छ केलेली प्रतिमा निर्यात करावी व जुन्या सर्व प्रती शोधून नष्ट कराव्यात. ज्या संगणकांवर ती प्रतिमा पूर्वी उतरविली होती, त्यांचाही विचार करावा लागेल, हे ओघाने आलेच.

विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, भ्रमणध्वनी क्रमांक, जातप्रमाणपत्रांच्या छायाप्रती अशी व्यक्तिगत माहिती महाविद्यालयाच्या संगणकांवर असते. २०२३ मध्ये भारतात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहिलेला नाही. प्रतिमेसाठी मूळ संगणक निवडताना कार्यालयातील वापरातला संगणक न घेता कोरा संगणक सिद्ध करावा, हा साधा नियम पाळल्यास हा प्रसंगच उद्भवणार नाही.

७. संपीडन

७.१ तत्त्व

संपीडनाचे मूळ तत्त्व पुनरावृत्तीचा लाभ घेणे हे आहे. 'महाविद्यालयाचे ग्रंथालय, महाविद्यालयाचे क्रीडांगण, महाविद्यालयाचे सभागृह' या शब्दसमूहात 'महाविद्यालयाचे' हा शब्द तीनदा येतो. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी तो पूर्ण न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे घे' अशी छोटी सूचना लिहिता येईल. अब्राहम लेम्पेल व जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये दिलेली दुसरी पद्धत अशी की, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत द्यावा. विममधील 'एक्सप्रेस' व 'एलझेडएक्स' या दोन्ही पद्धती या दोन तत्त्वांच्या संयोगातून सिद्ध झाल्या आहेत. या संपीडनात माहितीचा एक बिटही गमावला जात नाही.

जेथे पुनरावृत्तीच नाही, तेथे संपीडनाचा लाभ होत नाही. एमपी३ ध्वनिफिती, झिप फाइली यांचे आधीच संपीडन झालेले असते. त्यामुळेच प्रतिमा घेताना डिस्म आपल्या मूळ मांडणीत अशा फाइलींच्या संपीडनाचा प्रयत्न करीत नाही. 'पेजफाइल' व 'हायबरफाइल' या तात्पुरत्या स्वरूपाच्या मोठ्या फाइली तर प्रतिमेत घेतल्याच जात नाहीत. भाषा प्रयोगशाळेची प्रतिमा ध्वनिफितींनी भरलेली असेल, तर सर्वोच्च पर्याय निवडूनही ती फारशी आकसणार नाही. अशा फिती प्रतिमेत न ठेवता सर्व्हरवर ठेवणे श्रेयस्कर होय.

७.२ पर्याय

डिस्ममध्ये प्रतिमा घेताना 'नन', 'फास्ट' व 'मॅक्स' असे तीन पर्याय असतात. काहीच न सांगितल्यास 'फास्ट' गृहीत धरले जाते व एक्सप्रेस ही पद्धत वापरली जाते. 'मॅक्स'मध्ये एलझेडएक्स पद्धत वापरली जाते. त्यात वेळ अधिक लागतो, पण फाइल लहान होते. एकदा निवडलेला पर्याय त्या विम फाइलला चिकटतो. पुढे जोडलेल्या प्रतिमांनाही तोच लागू होतो. तो बदलावयाचा असल्यास एक्सपोर्टचाच मार्ग घ्यावा लागतो. म्हणजे पुसलेला मजकूर काढणे आणि संपीडन बदलणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत साधतात.

निर्यातीच्या वेळी 'रिकव्हरी' हा चौथा पर्यायही उपलब्ध असतो. नेहमीच्या विम फाइलमध्ये मजकुराचे लहान लहान तुकडे स्वतंत्रपणे आकसविले जातात. त्यामुळे हवा तो तुकडा तेवढाच उलगडता येतो आणि प्रतिमा माउंट करता येते. 'रिकव्हरी' पर्यायात अनेक फाइली एकत्र करून त्यांचे सलग संपीडन केले जाते. फाइलींमधील परस्पर साम्याचाही लाभ मिळत असल्यामुळे आकारमान आणखी घटते. परंतु एका फाइलसाठी मोठा गठ्ठा उलगडावा लागतो आणि अशी प्रतिमा डिस्मने माउंट करता येत नाही. म्हणून हा पर्याय संपादन पूर्णतः संपल्यानंतरच, साठवणुकीसाठी वापरावा.

७.३ लाभाचे गणित

समजा, प्रतिमा १२ गिगाबाइटांची आहे आणि नेटवर्कचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट आहे. १२ गिगाबाइट म्हणजे ९६ गिगाबिट. म्हणजेच अडथळाविरहित आदर्श स्थितीतही एका संगणकाला ९६० सेकंद, अर्थात १६ मिनिटे लागतील. तीस संगणक एकामागून एक घेतल्यास ८ तास होतात. हीच प्रतिमा ८ गिगाबाइटांवर आणता आली, तर प्रत्येकी १० मिनिटे ४० सेकंद व एकूण ५ तास २० मिनिटे लागतील. एका दिवसाच्या कामात २ तास ४० मिनिटांची बचत होते. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या नेटवर्कवर हाच फरक ४८ मिनिटांवरून ३२ मिनिटांवर, म्हणजे अवघ्या १६ मिनिटांवर येतो. नेटवर्क जितके मंद, तितका संपीडनाचा लाभ अधिक, असा निष्कर्ष यातून निघतो.

पेनड्राइव्हचा वापर करणाऱ्यांना आणखी एक मर्यादा जाणवते. एफएटी३२ या पद्धतीने सिद्ध केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटांची वा त्याहून मोठी फाइल राहू शकत नाही. त्यासाठी 'स्प्लिट-इमेज' या आज्ञेने प्रतिमेचे भाग पाडता येतात. असे भाग केवळ उतरविण्यासाठी असतात. त्यांचे संपादन करता येत नाही. मूळ अखंड प्रतिमा जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

८. ओळखीचा प्रश्न : एक बोधप्रद घटनाक्रम

प्रत्येक विंडोज संगणकाला 'एसआयडी' नावाचा सुरक्षा-ओळख क्रमांक असतो. प्रतिमा घेण्यापूर्वी 'सिसप्रेप' हे साधन 'जनरलाइज' या पर्यायासह चालविले, तर प्रतिमा उतरविलेल्या प्रत्येक संगणकाला नवा क्रमांक मिळतो. ही पायरी वगळल्यास सर्व संगणक एकाच ओळखीचे होतात. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी समान क्रमांकांमुळे व्यवहारात अडचण येत नाही असे विवेचन केले आणि क्रमांक बदलणारे 'न्यूएसआयडी' हे आपले साधन मागे घेतले. तरीही प्रतिमेसाठी सिसप्रेप वापरावे, ही मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका कायम होती. अनेक ठिकाणी यातील सोयीचा तेवढा भाग लक्षात राहिला.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस व त्यानंतर आलेल्या अद्यतनांनी विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत व विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये या क्रमांकांची तपासणी कडक केली. समान क्रमांक असलेल्या संगणकांत परस्पर ओळख पटविण्याची क्रिया नाकारली जाऊ लागली; सामाईक फोल्डर उघडेनासे झाले. वर्षानुवर्षे निरुपद्रवी भासलेली त्रुटी एका अद्यतनाने उघडी पडली. प्रतिमेतील दोष झोपलेला असतो, नाहीसा झालेला नसतो, हा या घटनाक्रमाचा बोध होय. हा दोष माउंट केलेल्या प्रतिमेत एखादी फाइल बदलून दूर करता येत नाही. प्रतिमा संगणकावर उतरवून, सिसप्रेप चालवून ती पुन्हा घ्यावी लागते. संपादनाच्या मर्यादाही यावरून स्पष्ट होतात.

९. कार्यक्रम आणि दक्षता

वरील विवेचनाच्या आधारे प्रयोगशाळेसाठी पुढील क्रम सुचविता येतो. मूळ विम फाइलची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावे. प्रतिमेची यादी काढून अनावश्यक व गोपनीय फाइलींचा शोध घ्यावा. प्रतिमा माउंट करून ड्रायव्हर व अद्यतने जोडावीत, नको त्या फाइली काढाव्यात. बदल कायम करून प्रतिमा अनमाउंट करावी. त्यानंतर एक्सपोर्टने नवी, आकसविलेली फाइल तयार करावी. ती प्रथम एकाच संगणकावर उतरवून संबंधित विषयाच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावी आणि मगच इतरत्र न्यावी. हा क्रम उलटा करून आधी संपीडन व नंतर संपादन केल्यास पुसलेला मजकूर आत राहतो व आकारमान पुन्हा वाढते.

प्रत्येक प्रतिमेच्या नावात दिनांक असावा आणि केलेल्या बदलांची एक छोटी नोंदवही ठेवावी. 'सर्टयुटिल' या विंडोजमधील साधनाने अंतिम फाइलची एसएचए-२५६ खूण काढून नोंदवहीत लिहावी, म्हणजे पुढे फाइल बिघडली वा कोणी बदलली तर ते ताडून पाहता येईल. परवान्यांचाही विचार हवा. संगणकासोबत आलेल्या विंडोजच्या माध्यमातून प्रतिमा करून ती इतरत्र उतरविण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी संस्थात्मक परवाना लागतो. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्यामुळे त्यावर आधारित जुन्या प्रतिमांना किती काळ डागडुजी करीत राहावयाचे, याचाही निर्णय घ्यावा लागेल.

१०. निष्कर्ष

डिस्क-प्रतिमा ही प्रयोगशाळेची सोय आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. अवलोकनाने तिच्यात काय आहे हे कळते, संपादनाने तिच्यात काय असावे हे ठरविता येते आणि निर्यातीसह केलेल्या संपीडनाने ठरविले तेवढेच तिच्यात उरते. या तीन क्रिया सुट्या नसून एकाच कामाच्या तीन पायऱ्या आहेत. शेवटची पायरी गाळल्यास पहिल्या दोहोंवरील श्रम बऱ्याच अंशी वाया जातात. हे काम करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. वर्षातून दोनदा, सत्राच्या आरंभी, प्रयोगशाळा-साहाय्यक व विषयाचे प्राध्यापक यांनी एकत्र बसून प्रतिमा उघडून पाहिली, तरी परीक्षेच्या सकाळी उद्भवणारी धावपळ आणि त्याहून गंभीर असे गोपनीयतेचे प्रश्न पुष्कळ प्रमाणात टाळता येतील.